साग आणि आडजात : मेळघाटातील जैवविविधता-संरक्षणाच्या मोजमापाचा संज्ञाविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मेळघाटच्या जंगलातून निघालेले लाकूड परतवाड्याच्या सरकारी आगारात येते व तेथे त्याचा लिलाव होतो. वनखात्याच्या व्यवहारात इमारती लाकडाचे दोन ढोबळ वर्ग मानण्याची रूढी आहे : एक ‘साग’ आणि दुसरा ‘आडजात’. ऐन, धावडा, हलदू, तिवस, लेंडिया, बिजा असे जे जे सागाव्यतिरिक्त असेल, ते सर्व या दुसऱ्या शब्दात सामावले जाते. बाजाराच्या दृष्टीने हे वर्गीकरण सोयीचे आहे आणि त्यात खोटे असे काही नाही. परंतु ज्या दिवशी त्याच जंगलाकडे जैवविविधतेचा ठेवा म्हणून पाहावयाचे ठरते, त्या दिवशी हा शब्द अपुरा पडतो. कारण जंगलात जे विविध असते, तेच नेमके ‘आडजात’ या एका शब्दाआड झाकलेले असते.

संरक्षणाच्या धोरणाचे यशापयश मोजताना हीच अडचण पदोपदी उभी राहते. धोरणाचे उद्दिष्ट हे अखेर एक वाक्य असते. ‘वाघांची संख्या दुप्पट व्हावी’, ‘एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी’, ‘प्रत्येक गावाची जैवविविधता-नोंदवही तयार व्हावी’ अशी ती वाक्ये होत. प्रगती झाली असे म्हणण्यासाठी दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आकड्यांची तुलना करावी लागते. दोन्ही वेळी मोजलेल्या वस्तूचे नाव एकच असले म्हणजे वस्तूही एकच होती, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती असते. हे गृहीत बरोबर आहे की नाही, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी आकड्यामागील संज्ञेचा अर्थ तपासावा लागतो. हे काम जीवशास्त्राच्या जोडीने अर्थविचाराचेही आहे.

हा प्रश्न केवळ प्रादेशिक नाही. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता करारान्वये २०१० साली नागोया येथे २० लक्ष्ये ठरविण्यात आली व त्यांची मुदत २०२० ही होती. मुदत संपली तेव्हा जागतिक पातळीवर त्यांपैकी एकही लक्ष्य पूर्णतः गाठले गेले नसल्याचे कराराच्या सचिवालयानेच जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे २०३० पर्यंतची २३ नवी लक्ष्ये स्वीकारण्यात आली, आणि या वेळी लक्ष्यांबरोबरच ती मोजावयाच्या निर्देशकांचाही एक आराखडा मान्य करण्यात आला. भारतानेही २०२४ साली आपला राष्ट्रीय कृती-आराखडा त्या २३ लक्ष्यांना अनुसरून नव्याने मांडला. ध्येय, लक्ष्य आणि निर्देशक या तीन भिन्न गोष्टी आहेत. मराठीतील शासकीय लेखनात मात्र या तिघांसाठीही पुष्कळदा ‘उद्दिष्ट’ हा एकच शब्द योजिला जातो. त्यामुळे निर्देशक वर सरकला की ध्येय साधले, असा समज सहज रूढ होतो.

मेळघाटाचे उदाहरण या विवेचनास विशेष सोयीचे आहे. सातपुड्याच्या या भागात १९७४ साली व्याघ्र-प्रकल्प स्थापन झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याची गणना होते. म्हणजे मोजणीचा येथील इतिहास पन्नास वर्षांहून अधिक आहे, आणि या अवधीत मोजणीच्या जवळजवळ प्रत्येक संज्ञेचा अर्थ एकदा तरी बदललेला आहे.

२. ‘वाघ’ आणि ‘गणना’

प्रथम ‘वाघ’ हाच शब्द घ्यावा. लोकभाषेत तो एकाच प्राण्याचे नाव नाही. ‘पट्टेदार वाघ’ किंवा ‘ढाण्या वाघ’ आणि ‘बिबट्या वाघ’ असे भेद मराठीत विशेषणांनी दाखविले जातात, व विशेषण गळाले की उरलेला ‘वाघ’ दोघांनाही लागू पडतो. जुन्या मराठी कागदपत्रांत नुसते ‘वाघ मारला’ असे आढळले, तर कोणता प्राणी मारला गेला हे इतर पुराव्यावाचून सांगता येत नाही.

शास्त्रीय अहवालात ही संदिग्धता नसते. परंतु तेथे दुसरी असते. २०१४ च्या अखिल भारतीय अहवालातील ‘वाघ’ म्हणजे दीड वर्षाहून अधिक वयाचा प्राणी. २०१८ च्या अहवालात ही मर्यादा एक वर्षावर आणण्यात आली. दोन्ही व्याख्या आपापल्या ठिकाणी समर्थनीय आहेत. तथापि दोन्ही अहवालांतील आकडे शेजारी शेजारी मांडताना व्याख्येतील हा फरक सांगितला गेला नाही, तर वाचकाला जी वाढ दिसेल, तिच्यातील काही अंश प्राण्यांचा नसून व्याख्येचा असेल.

याहून मोठा बदल पद्धतीत झाला. १९७२ पासून सुमारे तीन दशके वाघांची मोजणी पाऊलखुणांवरून होत असे. ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ती पद्धत रूढ केली होती. पंजाच्या ठशाचा आकार काचेवर उतरवून घ्यावयाचा आणि ठशांतील भेदांवरून वाघ ओळखावयाचे, असे तिचे स्वरूप होते. एका वाघाच्या ठशाचा आकार जमिनीच्या प्रकारानुसार व चालीनुसार बदलतो, हा तिच्यातील दोष अभ्यासकांनी वारंवार दाखविला होता. २००४-०५ साली राजस्थानातील सरिस्का येथे तो दोष सर्वांच्या प्रत्ययास आला. अधिकृत आकड्यांत तेथे तोपर्यंत वाघ दाखविले जात होते. शोध घेतला असता जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृतिदलाच्या २००५ च्या अहवालानंतर पाऊलखुणांची राष्ट्रीय मोजणी मागे पडली.

नव्या पद्धतीचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाची वेगळी असते. जंगलातील वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावून घेतलेल्या छायाचित्रांवरून प्रत्येक वाघ स्वतंत्रपणे ओळखता येतो. समजा, पहिल्या फेरीत २० वाघांची छायाचित्रे मिळाली. दुसऱ्या फेरीत १६ वाघांची मिळाली व त्यांपैकी ८ पूर्वी टिपलेलेच होते. दुसऱ्या फेरीतील निम्मे वाघ ओळखीचे निघाले. यावरून पहिल्या फेरीत एकूण वाघांपैकी सुमारे निम्मे टिपले गेले असावेत, असे अनुमान निघते. म्हणजे एकूण संख्या ४० च्या आसपास असावी. प्रत्यक्ष गणित याहून पुष्कळ सूक्ष्म असते. परंतु न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज दिसलेल्यांच्या पुनर्दर्शनावरून बांधणे, हे त्याचे मर्म होय.

या पद्धतीने दर चार वर्षांनी मिळालेले देशाचे अंदाज असे : २००६ साली १४११, २०१० साली १७०६, २०१४ साली २२२६, २०१८ साली २९६७ आणि २०२२ साली ३६८२. महाराष्ट्राचा आकडा २०१४ साली १९० होता, तो २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ झाला. आता याच्या शेजारी २००१-०२ च्या पाऊलखुणांच्या मोजणीतील ३६४२ हा आकडा ठेवला, तर विचित्र चित्र उभे राहते. २००२ ते २००६ या चार वर्षांत देशातील निम्म्याहून अधिक वाघ नाहीसे झाले आणि पुढील सोळा वर्षांत ते सर्व परत आले, असे त्या मालिकेवरून वाचावे लागेल. असे घडलेले नाही. पहिला आकडा एका प्रकारच्या ज्ञानाचा आहे व पुढचे आकडे दुसऱ्या प्रकारच्या. ती एक मालिका नव्हेच.

२००६ नंतरच्या आकड्यांतही हा विवेक ठेवावा लागतो. २००६ च्या अंदाजात सुंदरबनाचा समावेश नव्हता. २०१० मध्ये तो झाला. कॅमेरे लावण्याची ठिकाणे प्रत्येक फेरीत वाढत गेली व २०१८ साली ती २६,८३८ झाली. २०१० साली सेंट पीटर्सबर्ग येथे वाघ आढळणाऱ्या देशांनी २०२२ पर्यंत वाघांची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प सोडला होता, आणि २०१९ मध्ये भारताने तो मुदतीपूर्वीच पुरा केल्याचे जाहीर केले. १४११ आणि २९६७ या दोन आकड्यांचे गुणोत्तर दोनाहून अधिक आहे, हे खरे. वाघ वाढले, हेही नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या वाढीतील किती भाग जन्मलेल्या वाघांचा आणि किती भाग विस्तारलेल्या शोधाचा, हे वेगळे करून सांगितल्यावाचून ‘दुप्पट’ हा शब्द जितका नेमका वाटतो तितका तो नसतो.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. पद्धत बदलली, तिला अनुसरून इंग्रजी अहवालांतील शब्दही बदलले. परंतु मराठी वृत्तपत्रे आणि शासकीय पत्रके यांत ‘व्याघ्रगणना’ हाच शब्द टिकून आहे. ‘गणना’ म्हटले की ‘जनगणना’ आठवते, आणि प्रत्येकास एकेक करून मोजल्याची प्रतिमा मनात उभी राहते. ‘अनुमान’, ‘अंदाज’, ‘अदमास’ हे शब्द भाषेत उपलब्ध असताना ते मागे राहिले. कारण त्यांत खात्रीचा अभाव सूचित होतो. वास्तविक नव्या आकड्याचा मोठेपणा हाच आहे की, तो आपली अनिश्चितता किती हेही सांगतो. २०२२ च्या अहवालात ३१६७ ही किमान संख्या आणि ३६८२ ही सरासरी अशा दोन्ही संख्या आहेत. ‘गणना’ या शब्दात त्या दोहोंतील अंतराला जागा नाही.

याउलट एक उदाहरण आशादायक आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून येणारे प्राणी मोजण्याची प्रथा मेळघाटात दीर्घकाळ आहे व तिला पूर्वी ‘प्राणिगणना’ म्हणत. एका रात्रीच्या अशा दर्शनावरून संख्येविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत. अलीकडे हा कार्यक्रम ‘निसर्गानुभव’ या नावाने होतो. कार्यक्रमाचे रूप फारसे बदलले नाही. शब्दाने मात्र आपला दावा मागे घेतला. संज्ञेची दुरुस्ती ही मोजमापाची दुरुस्ती कशी असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

३. ‘मेळघाट’ आणि ‘वन’

मोजलेल्या वस्तूप्रमाणे मोजणीचे क्षेत्रही नावानेच ओळखले जाते. ‘मेळघाट’ हे नाव लोकांच्या तोंडी एका डोंगराळ मुलखाचे आहे. घाटांचा मेळ, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. प्रशासनात मात्र त्याच्या कक्षा वेळोवेळी बदलल्या. १९७४ मध्ये व्याघ्र-प्रकल्प, १९८५ मध्ये अभयारण्य, १९८७ मध्ये ३६१.२८ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान, आणि २००७ मध्ये १५००.४९ चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र, असा तो क्रम आहे. या गाभाक्षेत्रात नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अकोला व बुलडाणा जिल्ह्यांकडील अभयारण्येही येतात. पुढे भोवतालचे बाह्यक्षेत्र धरून प्रकल्पाचे एकूण क्षेत्र २७०० चौरस किलोमीटरांहून अधिक झाले. ‘मेळघाटातील वाघ’ या पदाने १९८० साली आणि २०२० साली निर्दिष्ट होणारा प्रदेश एक नव्हे, हे उघड आहे. संरक्षित क्षेत्र वाढले हे धोरणाचे एक यश. वाघ वाढले हे दुसरे. पहिल्याची छाया दुसऱ्यावर पडू न देणे, हे नोंद ठेवणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

‘वन’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकूण भूमीपैकी एक-तृतीयांश भूमी वनाखाली ठेवण्याचे ध्येय सांगितले. १९८८ च्या नीतीतही एक-तृतीयांश हे प्रमाण कायम राहिले. परंतु शब्दयोजना ‘वन किंवा वृक्षाच्छादन’ अशी झाली. ‘किंवा’ या एका उभयान्वयी अव्ययाने ध्येयाची व्याप्ती पालटली. वनाबाहेर लावलेली झाडेही आता त्या हिशेबात धरता येऊ लागली.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत ज्याला वनाच्छादन म्हटले जाते, त्याची व्याख्या अशी आहे : एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या भूमीवर वृक्षांच्या छत्राची घनता दहा टक्के वा अधिक आहे, ती सर्व भूमी, मग तिची मालकी कोणाची, उपयोग कोणता आणि वृक्ष कोणते, याचा विचार नाही. या व्याख्येत बांबूची बेटे येतात, तशा फळबागाही येतात. परतवाड्याहून पूर्वेस मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागा दूरवर पसरल्या आहेत. त्यांतील दाट छत्राची बाग व्याख्येच्या कसोटीला उतरली, तर ती आणि गुगामलच्या उतारावरील सागाचे जंगल यांना एकाच शीर्षकाखाली स्थान मिळते. १९८७ च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान वनखंड नकाशावर दाखविता येत नव्हते. २००१ पासून ही मर्यादा एक हेक्टरावर आली. जी वनराजी पूर्वीही होती पण नकाशावर नव्हती, ती त्या वर्षी अहवालात अवतरली.

महाराष्ट्राचे वनाच्छादन २०२१ च्या अहवालानुसार ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.५१ टक्के आहे. शासनाच्या दप्तरी वन म्हणून नोंदलेले क्षेत्र मात्र सुमारे २० टक्के आहे. पहिला आकडा उपग्रहाला दिसणाऱ्या छत्राचा, तर दुसरा जमिनीच्या कायदेशीर दर्जाचा आहे. मराठीत पहिल्यास ‘वनाच्छादन’ व दुसऱ्यास ‘वनक्षेत्र’ म्हणणे योग्य. परंतु व्यवहारात दोन्ही शब्द परस्परांच्या जागी सर्रास वापरले जातात. एक-तृतीयांशाचे उद्दिष्ट कोणत्या आकड्याने मोजावयाचे, हा प्रश्न त्या सरमिसळीत अनुत्तरितच राहतो.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातील आदेश भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगा आहे. ‘वन’ हा शब्द कोशातील अर्थानेच घेतला पाहिजे, मालकी कोणाचीही असो, असे त्या आदेशाने ठरविले. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती करून ही व्याप्ती आकुंचित करण्यात आली, तेव्हा प्रकरण पुन्हा न्यायालयासमोर गेले आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने कोशगत अर्थ तूर्त कायम ठेवण्यास सांगितले. एका नामाच्या अर्थावर हजारो हेक्टर जमिनीचे भवितव्य अवलंबून असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

४. ‘नामशेष’ : रानपिंगळ्याची नोंद

वाघ आणि वन या संज्ञा मोठ्या आहेत. लहान जिवांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. मेळघाटात आढळणारा रानपिंगळा हा घुबडवर्गातील एक लहान पक्षी आहे. ब्लेविट या संग्राहकाने १८७२ साली मिळविलेल्या नमुन्यावरून अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना कोणास मिळाला नाही. मध्यंतरी १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याची एक नोंद संग्रहालयात होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील ती चिठ्ठी खोटी असून नमुना जुन्या संग्रहातून उचललेला होता, असे पुढे सिद्ध झाले. त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच प्रदेशात होत राहिला. ती बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला गेला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. पुढील सर्वेक्षणांत त्याची मोठी वस्ती मेळघाटातच असल्याचे दिसून आले.

११३ वर्षे हा पक्षी ‘नामशेष’ झाला असावा, असे मानले जात होते. वास्तविक तो नाहीसा झाला नव्हता. नोंदीतून निसटला होता. यात नावाचाही वाटा संभवतो. माणसांच्या वस्तीजवळ सर्वत्र दिसणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा यांत लोकव्यवहारात भेद केला जाईलच असे नाही. ‘पिंगळा पाहिला’ एवढ्याच नोंदीवरून दोहोंपैकी कोणता पाहिला हे ठरत नाही. साग सोडून बाकी सर्व ‘आडजात’, तसे हे सर्व ‘पिंगळे’.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत या पक्ष्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ यावरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरीने सौम्य करण्यात आला. निर्देशकांच्या भाषेत ही प्रगती होय. परंतु तिचे कारण पक्षी वाढले हे नसून तो पूर्वी समजला होता त्याहून अधिक ठिकाणी आढळला, हे आहे. संख्येतील वाढ आणि ज्ञानातील वाढ या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह असल्या, तरी पहिलीसाठी जे श्रेय धोरणाला देता येते, ते दुसरीसाठी देता येत नाही.

५. ‘कुटुंब’ आणि ‘अबाधित’

येथवर पाहिलेल्या संज्ञांचा परिणाम आकड्यांवर होतो. काही संज्ञांचा परिणाम थेट माणसांवर होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र-प्रकल्पाचे गाभाक्षेत्र वाघांसाठी अबाधित ठेवावे, असे सांगितले. आणि त्याच वाक्यात, अनुसूचित जमाती व इतर वननिवासी यांच्या हक्कांना बाध न आणता, असेही म्हटले. एकाच वाक्यात दोन वेळा आलेल्या ‘बाध’ या कल्पनेचे दोन्ही अर्थ एकत्र कसे साधावयाचे, हा मेळघाटातील गेल्या दोन दशकांचा प्रश्न आहे. गाभाक्षेत्राच्या इंग्रजी नावाचे मराठी कागदपत्रांत ‘संकटग्रस्त व्याघ्र अधिवास’ असे भाषांतर आढळते. मूळ विशेषणाचा येथील आशय ‘अत्यावश्यक’ असा आहे. ‘संकटग्रस्त’ म्हटल्याबरोबर संकट कोणाचे व ते कोणामुळे, असा प्रश्न उभा राहतो. आणि त्या क्षेत्रात राहणाऱ्यांकडे विनाकारण बोट दाखविले जाते.

बोरी, कोहा व कुंड या गावांपासून सुरू झालेल्या पुनर्वसनात त्यानंतर अनेक गावे बाहेर आली. या कार्याची प्रगती ‘पुनर्वसित कुटुंबे’ या निर्देशकाने मोजली जाते. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपयांची योजना होती. ती रक्कम पुढे पंधरा लाख करण्यात आली. या योजनेतील ‘कुटुंब’ म्हणजे एक चूल नव्हे. अठरा वर्षांवरील मुलगा, तो अविवाहित असला तरी, स्वतंत्र कुटुंब मानला जातो. ही व्याख्या लाभार्थ्याच्या हिताची आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यावरून गावात घरे किती होती, हे काढता येत नाही. आणि बाहेर पडल्यावर त्या घरांचे काय झाले, हे तर मुळीच नाही. जानेवारी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील पुनर्वसित लोकांपैकी काही जण आपल्या जुन्या गावठाणाकडे परतले आणि वनखात्याशी त्यांचा संघर्ष झाला. त्यांची कुटुंबे तोपर्यंत ‘पुनर्वसित’ या स्तंभात जमा होती. ‘हलविलेली’ आणि ‘वसलेली’ या दोन अवस्थांना एकच शब्द वापरल्याचे हे फळ होय.

मोजमाप वेगळ्या रीतीने होऊ शकते, याचे उदाहरणही परतवाड्याच्या जवळच आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. वणव्यापासून रक्षण, झाडांची लागवड व सीताफळांची सामूहिक विक्री ही कामे तेथील ग्रामसभेने हाती घेतली, आणि २०१४ साली त्या गावास भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. जे जंगल मोजावयाचे, त्याच जंगलावर ज्यांचा निर्वाह आहे, त्यांच्या नोंदीत ‘आडजात’ असा वर्ग संभवत नाही. सीताफळ, मोह, आवळा, तेंदू यांचे हंगाम आणि हिशेब त्यांच्या दृष्टीने वेगवेगळेच असतात.

६. नोंदवहीतील ‘स्थानिक नाव’

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. महाराष्ट्राचे राज्य मंडळ २०१२ साली नागपूर येथे स्थापन झाले. अंमलबजावणी मंद असल्याने प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत दंडाच्या तरतुदीसह ठरविण्यात आली. परिणामी, २०१६ मध्ये देशभर दहा हजारांच्या आत असलेल्या समित्यांची संख्या २०२० पर्यंत दोन लाखांच्या पलीकडे गेली. निर्देशकाच्या दृष्टीने इतके झपाट्याचे यश क्वचितच मिळते. नोंदवहीत काय लिहिले गेले, हा मात्र त्या निर्देशकाचा विषय नाही.

नोंदवहीच्या तक्त्यात शास्त्रीय नावाबरोबर ‘स्थानिक नाव’ असा स्तंभ असतो. मेळघाटात या स्तंभाचा अर्थ काय करावयाचा? येथील बहुसंख्य रहिवाशांची भाषा कोरकू आहे. ती ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेची असून त्या शाखेतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सात लाख सत्तावीस हजारांहून अधिक आहे. नोंद घेणारा बहुधा मराठी लिहितो. सांगणारा कोरकूत विचार करतो. आणि दोघांमधील बोलणे पुष्कळदा हिंदीत होते. कोरकूत वाघाला ‘कुला’ म्हणतात. मुंडारी, संताळी या दूरच्या भगिनी-भाषांतही हेच मूळ आढळते. सागाला ‘सिपना’ म्हणतात, आणि मेळघाटातून वाहणारी सिपना नदी हेच नाव धारण करते. ही नावे प्रसिद्ध आहेत म्हणून टिकली. अप्रसिद्ध गवत, कंद, बुरशी, कीटक यांची कोरकू नावे मराठी प्रतिशब्द न सापडल्यामुळे स्तंभाबाहेर राहिली, तर नोंदवही पूर्ण होऊनही ती ज्या ज्ञानासाठी योजिली होती ते तिच्यात उतरत नाही.

भाषेच्या नोंदीतही ‘आडजात’ आहे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली ही भाषा कोणत्याही ज्ञात कुलात बसत नाही. कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. जनगणनेत मात्र दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. त्या ‘इतर’ या शीर्षकाखाली जातात. विशेष हे की, जैवविविधता कराराखालील पारंपरिक ज्ञानाच्या निर्देशकांत भाषिक विविधता आणि आदिवासी भाषांच्या भाषकांची संख्या यांचाही समावेश आहे. ज्या भाषेची संख्याच प्रसिद्ध होत नाही, तिची प्रगती वा अधोगती त्या निर्देशकात उमटणे शक्य नाही.

७. निष्कर्ष

या विवेचनाचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत असा नाही. सरिस्काचा प्रकार उघडकीस आला तो अधिक चांगल्या मोजणीमुळेच. म्हणणे एवढेच की, आकडा आणि संज्ञा यांची फारकत होऊ देता कामा नये. संरक्षणाच्या प्रत्येक आकड्याबरोबर पुढील पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात : मोजलेल्या वस्तूची त्या वर्षीची व्याख्या, मोजण्याची पद्धत, त्यासाठी घातलेले श्रम, म्हणजे दिवस, ठिकाणे व उपकरणे, मोजणीच्या क्षेत्राची सीमा, आणि ज्या भाषेत मूळ माहिती मिळाली ती भाषा व तिच्यातील मूळ शब्द. यांपैकी एकही गोष्ट बदलली, तर मालिका तेथे तुटली असे समजून जुन्या व नव्या रीतीने एकदा तरी एकाच वेळी मोजणी करावी, म्हणजे दोन आकड्यांमधील दुवा सापडतो.

पहिल्या चार गोष्टी वनखात्याच्या आणि जीवशास्त्रज्ञांच्या हाती आहेत. पाचवी भाषाशास्त्राच्या विभागांनी उचलण्यासारखी आहे. परतवाडा, चिखलदरा आणि धारणी या परिसरातील तयार नोंदवह्या घेऊन प्रत्येक ‘स्थानिक नाव’ कोणत्या भाषेचे आहे ते पाहणे, एका कोरकू नावाखाली किती जाती व एका जातीला किती नावे आहेत ते गावोगाव तपासणे, आणि मराठी प्रतिशब्द नसलेल्या नावांची स्वतंत्र यादी करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका वर्षात करता येण्याजोगे काम आहे. त्या यादीतील नावे सांगू शकणारी पिढी आज मेळघाटात हयात आहे. तोवरच ते हाती घेणे श्रेयस्कर ठरेल.